डॉजचा तटलेला ड्रम आणि उद्यमनगरात बनवून घेतलेला पुलर

आधी निकाल सांगते. आमच्या १९५२ च्या डॉज किंग्जवेचे मागचे दोन्ही ब्रेक ड्रम सुटले. ३४ वर्षं एका जागी उभ्या असलेल्या गाडीचे. ज्या पुलरने, म्हणजे ड्रम ओढून काढायच्या हत्याराने, ते सुटले तो कुठल्या दुकानात तयार मिळत नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून तो बनवून घेतला. एकूण ७,४०० रुपये लागले आणि पहिल्या फेरीपासून हातात येईपर्यंत १९ दिवस गेले. पैसे वसूल झाले का, तर पुरेपूर झाले.

दुकानाचं नाव देत नाही, कारण मालकांनीच नको म्हणून सांगितलं. "दोनच मशिनं हाईत ताई, गर्दी झाली तर कुणाचंच काम धड व्हायचं न्हाई." पण काय सांगून बनवून घ्यायचं आणि कुठली मापं न्यायची ते सगळं खाली आहे. लेथवर नीट हात बसलेला कुठल्याही गावचा टर्नर हे करून देईल.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जायच्या, त्या काळातली. अण्णांनी १९६६ साली ती मुंबईहून जुनीच आणली. त्यानंतर शेंगदाण्याच्या व्यापाराच्या निमित्ताने गडहिंग्लजहून आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता या गाडीने किती वेळा केला असेल त्याची मोजदाद नाही. आंबोलीचा घाट उतरताना अण्णा दुसऱ्या गियरच्या वर जात नसत, आणि घाट संपला की गाडी कडेला घेऊन चारही चाकांजवळ हाताची पाठ धरून बघत. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर घरी आल्यावर त्याच चाकाचं काम आधी निघे. १९९० च्या दिवाळीनंतर गाडी वखारीत लावली ती लावलीच. अण्णा गेले, वखार बंद झाली. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि भाच्याला म्हटलं, आता गाडी काढू. तो म्हणाला, मावशी, इंजिन आधी बघू. मी म्हटलं, नाही, ब्रेक आधी.

हा ड्रम इतका का तटतो ते आधी सांगते, कारण इथेच बहुतेक मेकॅनिकांची गफलत होते. पुष्कळ गाड्यांमध्ये ब्रेकचा ड्रम वेगळा आणि हब, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, वेगळा असतो. दोन स्क्रू काढले, ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे शू सैल केले, थोडी ठोकाठोक केली की ड्रम हातात येतो. त्या काळच्या डॉज-प्लिमथच्या मागच्या चाकांत तसं नाही. तिथे हब आणि ड्रम एकजीव आहेत, आणि हबचं मधलं भोक शाफ्टच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या भागावर, बसतं. टिकावाचा दांडा आठवा. बारीक टोकाकडून टिकाव आत सरकवायचा, जाड भागावर येऊन तो स्वतःच आवळून बसतो, खिळा लागत नाही, पाचर लागत नाही. तसंच हे. शाफ्टवर चावी (हब आणि शाफ्ट यांच्या खाचेत बसणारी पोलादी पट्टी) असते आणि तोंडाशी खाचांचा मोठा नट आणि स्प्लिट पिन, पण खरी पकड टेपरची. वर्षानुवर्षं गाडी चालली की हब आणखी आत जातो. त्यात ३४ पावसाळ्यांचा गंज.

अशा टेपरवर बसलेल्या हबला बाहेरच्या कडेने ओढून उपयोग नसतो. ओढ मध्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. आणि घणाने शाफ्टच्या तोंडावर मारलं तर तो मार आत जातो, डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गियरच्या डब्याच्या) मधल्या ठोकळ्यातून थेट पलीकडच्या शाफ्टच्या बेअरिंगपर्यंत.

हे सगळं मला आता कळतं. पहिल्यांदा कळलं नव्हतं, म्हणून आम्ही एका गॅरेजवाल्यांना घरी बोलावलं. चांगला अनुभव आहे असं ऐकलं होतं. त्यांनी डावीकडचं चाक काढलं, ड्रमच्या मागून घणाने मारायला सुरुवात केली, मग शाफ्टच्या तोंडावर मारलं, मग गॅस लावला. मी तिथेच उभी होते. हबपर्यंत उष्णता पोचायच्या आत ऑइल सील जळाल्याचा वास आला. संध्याकाळपर्यंत ड्रमच्या कडेचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा उडाला होता, शाफ्टचे पुढचे दोन आटे चेपले होते आणि ड्रम जागचा हलला नव्हता. बिडाचा ड्रम आहे हो, तो वाकत नाही, तुटतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. हा ड्रम फुटला तर दुसरा कुठून आणणार?

त्यानंतर भाच्याने ऑनलाइन तीन पायांचा पुलर मागवला, १,९५० रुपयांचा. वस्तू वाईट नाही. पुली काढायला, बेअरिंग काढायला तो आजही वापरतो. पण या कामाला तो चुकीचाच. त्याचे पाय ड्रमच्या बाहेरच्या कडेला धरतात. स्क्रू आवळला की सगळा ताण ड्रमच्या कडेवर येतो आणि मधला हब आहे तिथेच. आम्ही थोडाच आवळला, तेवढ्यात एक पाय निसटून ड्रममागच्या बॅकप्लेटवर आपटला. मी काम थांबवलं.

क्रायस्लरच्या जुन्या वर्कशॉप मॅन्युअलात या कामासाठी मिलर कंपनीचा सी-३१९ नंबरचा पुलर सांगितलेला आहे. त्याचे हात चाकाच्याच बोल्टांना जोडतात, मधला जाड स्क्रू शाफ्टच्या तोंडावर टेकतो, आणि स्क्रूच्या डोक्यावर डमरूसारखा दोन्हीकडे फुगीर पाना बसतो, ज्यावर हातोडीने मारायचं. मार शाफ्टला सरळ बसत नाही, स्क्रूला फिरवतो. परदेशात जुने पुलर विकायला येतात, पण तो मागवायचा, त्यावर कस्टम्स भरायची आणि बोल्ट बसतील की नाही याची खात्री नाही, यापेक्षा म्हटलं आपल्याकडे कोल्हापूर आहे.

गडहिंग्लजहून निपाणी-कागल मार्गे एसटीने गेले. उद्यमनगरात ज्या लोकांनी ऑइल इंजिनांचे सुटे भाग आणि ऊसाच्या चरकाचे रोलर करण्यात आयुष्य घालवलं, त्यांना पोलादाचा एक ठोकळा अचूक करणं अवघड नाही. अवघड आहे तुमचं ऐकून घेणारा माणूस मिळणं. तीन ठिकाणी मला "बाई, गाडीच घेऊन या" असं सांगितलं. चौथ्या ठिकाणी मालकांनी हातातलं काम संपवलं, हात पुसले, स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, "बसा. चित्र काढलंय न्हवं? दावा."

चित्र होतं. मापंही होती. पाच भोकांच्या वर्तुळाचं माप घेताना लोक चुकतात, कारण समोरासमोर भोक येत नाही. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं आणि त्याला ०.५८८ ने भागायचं. माझं अंतर ६७.२ मिलिमीटर आलं, म्हणजे वर्तुळ ११४.३, बरोबर साडेचार इंच. बोल्ट अर्धा इंची, इंचाला २० आटे. मामांनी (मी त्यांना मामाच म्हणते आता) व्हर्नियरने माझा आणलेला बोल्ट मोजला, आट्यांचं गेज लावलं, आणि मग एकच प्रश्न विचारला:

"ताई, ह्यो बोल्ट उजवीकडचा का डावीकडचा?"

उजवीकडचा. मी एकच आणला होता.

"मग डावीकडचा बी आना. जुन्या अमेरिकन गाड्यांना डाव्या अंगाला उलटं आटं असत्यात. बोल्टाच्या डोक्यावर एल काढल्याला असंल."

घरी फोन केला. भाच्याने चिमटीने गंज खरवडून डोकं बघितलं. एल होता. म्हणजे त्या गॅरेजवाल्यांनी डाव्या चाकाचे बोल्ट सोडवताना आधी कितीतरी वेळ ते आवळतच ठेवले होते. एका बोल्टाचं डोकं गोल का झालं होतं ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या खेपेला उलट्या आट्यांचा बोल्ट घेऊन गेले आणि तिथे थांबून काम बघितलं. ते बघण्यासारखं होतं. सुलट आटे कापताना लेथवरचं हत्यार मोकळ्या टोकाकडून चकाकडे, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याकडे, सरकतं. उलट्या आट्यांना हत्यार चकाच्या बाजूने सुरू होऊन बाहेर यावं लागतं. त्यासाठी मामांनी आधी बोल्टाच्या डोक्याजवळ एक बारीक खाच फिरवून घेतली, हत्यार उतरवायला जागा. मग हत्यार सरकवणाऱ्या लीड स्क्रूची दिशा बदलली, मशीन अगदी हळू गतीवर टाकलं, आणि त्या खाचेत हत्यार टेकवून हाफ नट लावला, म्हणजे हत्यार त्या स्क्रूला जोडलं. पहिल्या पाशीत, म्हणजे कापण्याच्या पहिल्या फेरीत, फक्त एक केसाएवढी रेघ उमटली. त्यांनी मशीन थांबवून रेघेवर गेज धरलं, दिव्याकडे करून बघितलं, मग दुसरी पाशी. प्रत्येक पाशीला ब्रशने तेल. निळसर कीस सुटत होता तो हूकने ओढून काढत होते, हाताने नाही. अकरा-बारा पाशींनंतर त्यांनी एक जुना नट काढला. तो नट उलट्या आट्यांचा होता आणि कुठल्या जुन्या डब्यात त्यांच्याकडे निघाला होता. तो नट त्यांनी दोन बोटांनी फिरवला आणि तो बोल्टाच्या खाचेपर्यंत डुगडुग न करता गेला. एक बोल्ट झाला. असे पाच.

मी विचारलं, सुलट बोल्ट विकत मिळतात, उलटेही मिळतील की कुठेतरी? ते म्हणाले, मिळतील, पण एवढ्या लांबीचे नाही मिळणार. आणि लांबी लागतेच. हबचं नाक आणि नट ड्रमच्या बाहेर आलेले असतात, त्यामुळे पुलरची तबकडी ड्रमला टेकू शकत नाही, ती समोर लोंबकळत राहते आणि ओढ सगळी बोल्टांच्या डोक्यांवर येते. आम्ही बोल्ट ११० मिलिमीटरचे केले.

पुलरची घडण अशी. मुख्य तबकडी ईएन-८ पोलादाची, १७० मिलिमीटर व्यासाची, कडेला २८ आणि मध्यावर ५० जाडीची, म्हणजे स्क्रूला धरायला भरपूर आटे. मधला स्क्रू त्याहून कणखर ईएन-२४ पोलादाचा, ३२ मिलिमीटरचा, बारीक आट्यांचा. त्याचं पुढचं टोक १४ मिलिमीटरपर्यंत उतरवलेलं आहे. हे महत्त्वाचं, कारण पुलर लावताना शाफ्टवरचा नट काढून टाकायचा नसतो, चार आटे मागे घेऊन तिथेच ठेवायचा असतो, आणि स्क्रूचं टोक त्या नटाच्या आतून शाफ्टला टेकलं पाहिजे. डोकं चौकोनी, आणि त्यावर बसणारा डमरूच्या आकाराचा पाना वेगळा. सगळं मिळून वजन नऊ किलोच्या आसपास. भाच्याच्या सांगण्यावरून त्याच तबकडीवर साडेपाच इंची वर्तुळाचीही पाच भोकं पाडून घेतली. टेपरच्या शाफ्टवाल्या जुन्या विलीज जीपला ती चालतील. मात्र जीपला बोल्ट नसून स्टड असतात, तेव्हा तिथे लांब कपलिंग नट वेगळे करून घ्यावे लागतील. ते आम्ही केलेले नाहीत.

आता जे नीट झालं नाही तेही लिहिते. पहिल्या खेपेचे सुलट बोल्ट मामांनी हाताशी असलेल्या साध्या एमएसच्या (मऊ पोलादाच्या) सळीतून केले होते. उजव्या चाकावर लावून आवळायला लागलो तेव्हा एक बोल्ट ताणला गेला. मी सुरुवातीलाच तबकडी आणि ड्रम यांच्यातलं अंतर पाच ठिकाणी पट्टीने मोजून लिहून ठेवलं होतं, म्हणून लक्षात आलं. चार ठिकाणी तेवढंच, पाचव्या ठिकाणी जवळपास दीड मिलिमीटर जास्त. लगेच सोडवलं. असा बोल्ट ताणाखाली तुटला तर गोळीसारखा सुटतो. फोन केल्यावर मामा म्हणाले, "चूक माझी हाय. तुमी ते परत लावू नगासा." दहाही बोल्ट त्यांनी ईएन-२४ मध्ये नव्याने केले, हार्डनिंगला पाठवले, आणि जादा पैसा घेतला नाही. पण त्यात आठ दिवस गेले. तुम्ही पहिल्यांदाच बोल्टांचं पोलाद कुठलं ते स्वच्छ सांगा.

दुसरं, पान्याच्या कडा तशाच धारदार सोडल्या होत्या. कानसीने मी मारून घेतल्या. तिसरं, ना रंग, ना काळं करणं. पावसाळ्यात दोन दिवसांत तांबूस झाला. आता तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवते.

मूळ कामाकडे येते. गाडी उचलण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायची, ही गोष्ट जीवावर बेतू शकते. या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांत नाही. तो गियरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर आहे. म्हणजे तुम्ही हँडब्रेक ओढला आणि एक मागचं चाक जॅकवर उचललं, की डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक एका दिशेला फिरतं, जमिनीवरचं दुसऱ्या दिशेला, आणि हँडब्रेक लागलेला असूनही गाडी सरकते. अण्णांनी हे मला मी बारा वर्षांची असताना दाखवलं होतं. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. त्याशिवाय गाडीखाली हात घालायचा नाही.

मग बॅकप्लेटच्या मागचे दोन ॲडजस्टर. प्रत्येक शूला एक. ते मागे फिरवून शू ड्रमपासून दूर केले. हे न करता ओढलं तर टेपर सुटूनही ड्रम आतल्या कंगोऱ्याला अडकून बसतो. गंजावर तेल आधीच चार दिवस रोज संध्याकाळी सोडत होतो, चावीच्या खाचेतून, पिचकारीने. स्प्लिट पिन तुकड्यातुकड्याने निघाली. डाव्या शाफ्टचे चेपलेले आटे मामांनी सांगितल्याप्रमाणे तीन धारी बारीक कानसीने उघडले, त्यात अख्खी दुपार गेली.

उजवा ड्रम नव्या बोल्टांनी चाळीस मिनिटांत सुटला. स्क्रूला काळं मोलीचं ग्रीस लावलं. पाना हाताने जाईल तितका आवळला, मग दोन किलोच्या हातोडीने पान्याच्या टोकावर तीन ठोके, मग पाच मिनिटं थांबायचं. पुन्हा तीन. चौथ्या फेरीत तिसरा ठोका बसायच्या आत धाडकन आवाज झाला आणि ड्रम नटावर येऊन थडकला. नट ठेवायला का सांगतात ते तेव्हा उमजलं. एवढा जड ड्रम त्या झटक्याने माझ्या मांडीवर आला असता.

डावा तसा सुटला नाही. गॅसने भाजलेला, घणाने झोडलेला. रात्री नऊपर्यंत आवळत होतो. प्रत्येक ठोक्याला पाना आधी पाव इंच फिरत होता, मग कणभर, मग अजिबात नाही. भाचा म्हणाला, आणखी मारू. मामांचं म्हणणं मला आठवत होतं: पाना फिरायचा थांबला की हात थांबवायचा, ताण तसाच ठेवायचा आणि जेवायला जायचं. आम्ही तसंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाव फेरा गेला. म्हणजे रात्रीत आत काहीतरी सरकलं होतं. त्या दिवशी मी चुलीवर पाणी उकळवून त्यात पोत्याचे तुकडे बुडवले आणि ते फक्त हबवर गुंडाळत राहिले, ज्वाळा नको म्हणून. दिवसभर तेच. पाणी, ताण, वाट. संध्याकाळी पुन्हा तीन ठोके आणि झोपायला गेलो.

पहाटे सव्वापाचला वखारीतून बंदुकीच्या बाराएवढा आवाज आला. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. भाचा अंगणातून बॅटरी घेऊन पळाला. मी मागून गेले तेव्हा तो ड्रमसमोर उकिडवा बसला होता. नट आणि हबच्या मध्ये जी फट कालपर्यंत स्पष्ट दिसत होती, ती आता नव्हती, हब येऊन नटाला चिकटला होता. ड्रम हाताने गोल फिरवून बघितला तर शाफ्टवर खुळखुळ वाजला. तिथे कुणी नव्हतं, कुणी हात लावला नव्हता. त्या स्क्रूने आणि पाच बोल्टांनी रात्रभर एकट्याने ओढून धरलं होतं. मला तिथेच रडू आलं. अण्णांनी शेवटचा तो नट आवळला असेल त्यानंतर पहिल्यांदा हा हब हलला होता.

आत काय निघालं? टेपरवर चहाच्या डागासारखा एकसारखा तपकिरी थर, चावी शाबूत, चावीची खाच शाबूत. डाव्या बाजूचे लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) जळालेल्या सीलमधून आलेल्या तेलाने माखलेले, व्हील सिलिंडर गंजून घट्ट. लायनर जुने आहेत, त्यात ॲस्बेस्टॉस असणार हे धरूनच चाललो. कॉम्प्रेसरची हवा मारली नाही, साबणाच्या पाण्याने ओलं करून फडक्याने पुसलं, फडकी पिशवीत बांधून ठेवली, तोंडाला मास्क. हे प्रत्येक गॅरेजात करायला हवं आणि कुठेच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. कोवळी पोरं दिवसभर ती धूळ नाकात घेतात.

दोन्ही ड्रम मामांकडेच लेथवर फिरवून घेतले, गंज आणि कंगोरा जाईपर्यंतच. उडालेला तुकडा शू घासतात त्या भागाच्या बाहेरचा होता, तिथे कानस मारून कड गोल करून दिली, तडा पुढे जाऊ नये म्हणून. बिडाला वेल्डिंग करा असं मी म्हटलं तर त्यांनी साफ नाही सांगितलं. वेल्डिंग केलेल्या ड्रमवर घाट उतरायचा नाही. तडा आहे का ते बघण्यासाठी ड्रम रॉकेलने पुसून खडूची पूड लावली. तड्यात मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं. रेघ आली नाही.

बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ. ग्रीस लावायचं नाही. ग्रीस लावलं की पुढच्या वेळी सहज निघेल असं पुष्कळजण सांगतील, पण मग हब टेपरवर हवा त्यापेक्षा जास्त चढतो आणि सगळा भार चावीवर येतो. नट किमान १४५ फूट-पौंडाला, टॉर्क पान्याने. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर पुढे आवळून जुळवायचं, मागे सोडून नाही. थोडी गाडी चालवली की पुन्हा तपासायचं. आम्ही गल्लीत चार फेऱ्या मारून तपासलं, तेव्हा एक खाच आणखी पुढे गेला.

किमतीचं म्हणाल तर ७,४०० रुपयांत माल, लेथचं काम, भोकं आणि हार्डनिंग सगळं आलं. ड्रम फिरवायचे ६०० वेगळे. माझ्या एसटीच्या चार खेपा मी धरलेल्या नाहीत. तुमच्याकडे मापं पक्की असतील तर दोन खेपांत होईल. जाताना एवढं घेऊन जा: दोन्ही बाजूंचा एकेक बोल्ट, शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर, ड्रमच्या चेहऱ्यापासून शाफ्टच्या तोंडापर्यंतची उंची, आणि नटाच्या आतलं भोक. शेवटचं माप मी नेलं नव्हतं. मामांनी स्वतः विचारून फोनवर घेतलं, नाहीतर स्क्रूचं टोक जाड झालं असतं आणि सगळंच वाया गेलं असतं. वेळेच्या बाबतीत ते सांगतात त्यात चार दिवस मिळवून धरा. कामाच्या बाबतीत मला मिळवायला काही नाही.

पुलर आता माझ्याकडे फडक्यात पडून आहे, पुढची काही वर्षं मला लागणार नाही. आजरा, चंदगड, कोल्हापूर भागात कुणाकडे त्या काळची डॉज, प्लिमथ किंवा डिसोटो अशीच तटून बसली असेल तर घेऊन जा. परत देताना बोल्ट मोजून द्या, पाच सुलट, पाच उलट. उलट्यांच्या डोक्यावर मामांनी एल काढून दिलाय.